एकच कात्री, दोन उलटे निकाल

पेशीला काही नवीन शिकवायचं म्हणजे तिचा डीएनए बदलायचा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की प्रोटीन्सकडे कोणी बघतच नाही. खरं तर बाहेरून सिग्नल आला की पेशीत आधी प्रोटीन्सच हलतात, तेही सेकंद-मिनिटांत. जीन चालू होऊन नवीन प्रोटीन तयार होईपर्यंत बराच वेळ जातो. मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर या शास्त्रज्ञांनी 2000 साली ई. कोलाय जिवाणूत तीन जीन्सचं घड्याळ बनवलं (तीन जीन्स एकमेकांना आळीपाळीने बंद करत राहतात), जबरदस्त काम, पण त्याच्या एका फेरीला तास लागायचे, तेवढ्यात जिवाणूचे दोन झालेले असायचे.

याच एलोविट्झच्या अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या ग्रुपने 2018 मध्ये माणसाच्या पेशींत प्रोटीन्सचंच सर्किट चालवून दाखवलं आणि त्यासाठी वापरल्या व्हायरसच्या कात्र्या, म्हणजे प्रोटिएज, दुसरी प्रोटीन्स कापणारी प्रोटीन्स. तंबाखूच्या रोपाला लागणाऱ्या एका व्हायरसची टीईव्ही नावाची कात्री आहे, ती दिसेल ते कापत नाही. ग्लुटामेट, अ‍ॅस्पॅराजिन, ल्युसिन, टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन, ग्लुटामिन, सेरीन अशी सात अमिनो आम्लं (प्रोटीनचे मणी) ओळीने दिसली की शेवटच्या दोघांच्या मधे कापते. हेपॅटायटिस सी व्हायरसची कात्री वेगळी ओळ शोधते, त्यामुळे दोघी एकाच पेशीत असल्या तरी एकमेकींच्या कामात अडथळा आणत नाहीत.

आता खरी गंमत. पेशीला 'मला नष्ट करा' असं सांगणारा प्रोटीनचा एक छोटा तुकडा असतो, डेग्रॉन. तो प्रोटीनच्या टोकाला लावा आणि मधे टीईव्हीची ओळ ठेवा. कात्रीने कापलं की डेग्रॉन गळून पडतो, प्रोटीन वाचतं. उलट डेग्रॉन असा लपवून ठेवा की कापल्यावरच उघडा पडेल, तर त्याच कात्रीने प्रोटीन मरतं! दोन्ही टोकांना डेग्रॉन लावून प्रत्येकाला वेगळ्या कात्रीची ओळ दिली, तर दोन्ही कात्र्या हजर असतील तेव्हाच प्रोटीन टिकतं, म्हणजे झालं कॉम्प्युटरमधलं अँड गेट, 'हे आणि तेही' असेल तरच हो म्हणणारं. एका कात्रीतच दुसरीची ओळ घालून ठेवली की एक कात्री दुसरीला बंद पाडते.

आणि सिग्नल कसा कळतो? रास नावाचं प्रोटीन पेशीला 'वाढ' सांगतं, कित्येक कॅन्सरमध्ये ते सतत चालूच राहतं. कात्रीचे दोन अर्धे करून चालू रासला चिकटणारा भाग त्यांना जोडला, की रास चालू असेल तिथे ते जवळ येऊन कात्री पूर्ण होते आणि ती कॅस्पेज-3 नावाचं प्रोटीन जागं करते, म्हणजे पेशीचं आत्महत्येचं बटण दाबलं जातं.

'पेशी रीप्रोग्राम करा' म्हणत गोळ्या आणि ध्यानाचे कोर्स विकणाऱ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, पैसे घालवू नका. हे सगळं अजून लॅबमधल्या संशोधनाच्या टप्प्यावर आहे. या प्रोटीन्सची कृती आरएनए किंवा डीएनएच्या रूपात पेशीत पोचवावी लागते, पेशीच्या स्वतःच्या डीएनएला (जीनोमला) हात लावायची गरज नाही, पण शरीरभर पसरलेल्या नेमक्या पेशींपर्यंत ती न्यायची कशी हे अवघड आहे, आणि कात्र्या व्हायरसच्या असल्यामुळे आपली प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजू शकते.