कुंदानगरीचा रंग येतो कुठून?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. मागांच्या खडखडाटामुळे इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर. बेळगावला मात्र दूध आटवून केलेल्या कुंदा या मिठाईवरून नाव पडलं: कुंदानगरी. कन्नड वृत्तपत्रांत तर हे नाव सर्रास छापून येतं. त्याच्या जोडीला एक वाक्य ठरलेलं असतं, ‘हा आमच्या पाण्याचा गुण, दुसरीकडे असा कुंदा होणारच नाही.’

बेळगावचा अभिमान मलाही आहे, पण हे पटत नाही. कुंद्यात वरून पाणी घालतच नाहीत. दुधात जे सुमारे ८७ टक्के पाणी असतं, तेही आटवून टाकायचं असतं. मग नळाच्या पाण्याचा गुण शिरणार कुठून?

खरी करामत आहे ती मेयार अभिक्रियेची. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. लायसिनच्या बाजूच्या साखळीच्या टोकाला एक मोकळा अमिनो गट, म्हणजे नायट्रोजन असलेला अणूंचा छोटा पुंजका, लोंबत असतो. दूध उकळू लागलं की लॅक्टोज त्याला येऊन चिकटतं. जोडलेल्या रेणूची आतल्या आत फेरमांडणी होते, पुढे त्याचे तुकडे पडतात, तुकडे पुन्हा एकमेकांत गुंफतात आणि शेवटी मेलॅनॉइडिन ही तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. खरपूस वास याच वाटेवर सुटतो. पाणी आटेल तसे रेणू जवळ येतात, मिश्रण शंभर अंशांच्या वर तापू शकतं आणि रंग झपाट्याने चढतो.

आता दही. कुंदा रवाळ होतो तो दह्यामुळे. आम्लाने दुधातलं केसिन हे प्रथिन साकळून त्याचे कण धरतात. पण तेच आम्ल अमिनो गटाला हायड्रोजन आयन चिकटवून ठेवतं, आणि असा गट लॅक्टोजशी जुळत नाही. म्हणजे ज्याने रवा येतो, त्यानेच रंग अडतो. म्हणून दही बेताचंच घालायचं आणि कढईपाशी उभं राहून उलथणं सतत फिरवत राहायचं. काही जण करपवलेल्या साखरेचा रंग देतात; ती निराळी अभिक्रिया, तिथे प्रथिनांचं काम नाही.

शेजारच्या धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा तपकिरी रंगही खवा परतताना असाच चढतो. घरी केलेला कुंदा पांढुरका राहिला, तर पाण्याला बोल न लावता पुढच्या वेळी दही कमी करा आणि कढई आणखी थोडा वेळ मंद आचेवर राहू द्या.