नवऱ्याची सही

गर्भपातासाठी दवाखान्यात गेलेल्या बाईला अजूनही अनेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, 'मिस्टर आलेत का?' फॉर्मवर नवऱ्याची सही लागते म्हणे. नवरा नसेल तर आईची, सासूची, कुणाची तरी. कायद्यात ही अट नाही. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. पालकाची संमती लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठी. मग ही सही आली कुठून? तर भीतीतून, आणि त्या भीतीचं मूळ १८६०च्या भारतीय दंड संहितेत आहे.

कलम ३१२ असं: बाईचा जीव वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूने केलेला नसेल, तर गर्भपात घडवून आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. खाली एक ओळीचं स्पष्टीकरण आहे, ते सहसा कुणी वाचत नाही. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईही या कलमात गुन्हेगार ठरते.

हा कायदा इंग्रजांनी आणला, पण त्याला बळी पडणारी बाई आपल्या समाजाने तयारच ठेवली होती. बालविवाहातून आलेलं वैधव्य, पुनर्विवाहाला बंदी, घरातल्याच कुणाकडून दिवस गेलेले. मग विहीर, सुईणीचा काढा, नाहीतर जन्मल्याबरोबर बाळाचा गळा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशा विधवांसाठी. तिथे गुपचूप बाळंत होता यायचं. पुढे १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती वरच्या न्यायालयात कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने तमाम बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यामुळेच पेटून उठल्या आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आली. दिवस राहायला पुरुष लागतो आणि शिक्षा मात्र बाईला, ही तक्रार मराठीत तेव्हापासून नोंदलेली आहे.

पुढच्या पिढीत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तोही आंबेडकरांच्या पक्षाकडून. तो फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतरही कलम ३१२ला कुणी हात लावला नाही. हलवाहलव झाली ती १९६४ साली, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली तेव्हा. समितीचा अहवाल १९६६च्या डिसेंबरात आला. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम घडवले जातात, असा तिचा अंदाज होता. त्यातले बहुतेक चोरून होत. बाई रक्तस्राव होऊन सरकारी दवाखान्यात येई, तेव्हाच डॉक्टरांना कळे. बंदीने गर्भपात थांबले नव्हते, ते फक्त मागच्या दाराने चालले होते, हे समितीने आकड्यात मांडलं.

यातून १९७१चा कायदा आला आणि १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. त्या काळात जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा तो पुढे होता, हे मान्य करायलाच हवं. पण त्याची रचना नीट वाचावी. कलम ३ची सुरुवात बाईपासून होत नाही. दंड संहितेत काहीही असलं, तरी या कायद्यानुसार गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असं ते म्हणतं. म्हणजे गुन्हा तसाच ठेवला आणि डॉक्टरला छत्री दिली. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० पर्यंत दोघांचं. बाईने मागितलं म्हणून नव्हे, तर तिच्या जिवाला किंवा शारीरिक, मानसिक आरोग्याला धोका आहे असं डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटलं म्हणून. गर्भनिरोधक फसलं हेही कारण मानलं, पण ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांनी वापरलेलं असेल तर. कुटुंबनियोजनाचा तो जमाना होता. सरकारला लोकसंख्येची काळजी होती. बाईच्या हक्काची भाषा त्या विधेयकाच्या उद्दिष्टांत नव्हती.

छत्रीखाली उभा असलेला डॉक्टर भिजायला घाबरतो, आणि सही मागतो.

ऐंशीच्या दशकात वेगळंच संकट उभं राहिलं. गर्भजलपरीक्षेतून मुलगी कळली की पिशवी साफ. मुंबईत या चाचण्यांविरुद्ध स्त्रीसंघटना आणि डॉक्टर एकत्र आले आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४चा. २००० साली मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह, कायदा नीट पाळला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यानंतर अंमलबजावणी थोडी हलली. या कार्यकर्त्यांचं म्हणणं पहिल्यापासून स्पष्ट होतं: विरोध निदानाला आहे, गर्भपाताला नाही. पण फलकांवर शब्द आला 'स्त्रीभ्रूणहत्या'. हत्या म्हटलं की बाई खुनी ठरते, गर्भ मुलाचा असो की मुलीचा. सरकारी जाहिरातींनी हा शब्द घरोघरी पोचवला. २०१२ साली बीडमधली मुलींचे गर्भ पाडल्याची प्रकरणं बाहेर आल्यावर कारवाईचा जो धडाका सुरू झाला, त्यात औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच कचरू लागले. नवव्या आठवड्यात, जेव्हा लिंग कळतही नाही, तेव्हा जाणाऱ्या बाईचीही त्यात फरपट झाली.

मुदतीची लढाई न्यायालयात लढली गेली. २००८ साली मुंबईतल्या एका दांपत्याला २४व्या आठवड्यात गर्भाच्या हृदयात दोष असल्याचं कळलं. त्यांचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, अर्ज फेटाळला गेला. पुढे गर्भपात आपोआपच झाला. डॉ. दातार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१६ साली भायखळा तुरुंगातल्या कैदी स्त्रियांच्या निमित्ताने न्या. मृदुला भाटकर आणि न्या. ताहिलरामाणी यांच्या खंडपीठाने म्हटलं की, गर्भपाताचा निर्णय बाई उथळपणे घेत नसते आणि तिच्या शरीरावर हक्क तिचाच.

२०२१च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एकच डॉक्टर पुरेसा केला, ठरावीक गटांसाठी मुदत २४ केली आणि 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. गर्भात गंभीर व्यंग असेल तर मुदत नाही, पण वैद्यकीय मंडळ आडवं आलं. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांचा लाभ दिला, लग्नातला बलात्कारही या कायद्यापुरता बलात्कार मानला आणि डॉक्टरांनी घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत असं बजावलं.

त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये २६ आठवड्यांच्या एका विवाहितेला नकार दिला. दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतरचं नैराश्य, तिची स्वतःची स्पष्ट इच्छा. आधी दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली होती. मग एम्सच्या डॉक्टरने पत्र पाठवून गर्भाच्या ठोक्यांचं काय करायचं, असं विचारलं. त्याच दोन न्यायमूर्तींत दुमत झालं आणि तिघांच्या पीठाने दार लावलं.

१ जुलै २०२४पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ आता कलम ८८ आहे. शिक्षा तीच. खालचं ते एका ओळीचं स्पष्टीकरणही तसंच.