चार ठिकाणं आणि एक नाणं

रात्री उशिरा कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा होतो. समोरच म्हशीची धार काढणं चाललं होतं. पेला येईपर्यंत मी फोनमधल्या एका ॲपची लोकेशनची परवानगी काढून टाकत होतो. ते बघून शाळेपासूनचा मित्र म्हणाला, "आपल्याला काय लपवायचं हाय, मर्दा? माझ्या घरात आज काय शिजलं ते निम्म्या पेठेला ठावं असतंय."

खरं आहे, पेठेत गुपित टिकत नाही. पण पेठेला त्याचं जेवढं ठाऊक असतं, साधारण तेवढंच त्यालाही पेठेचं ठाऊक असतं. शिवाय पेठ विसरते. दहा वर्षांपूर्वी कोण कुणाशी भांडलं हे आठवेल, पण कुठल्या दिवशी, किती वाजता, ते कुणी सांगणार नाही. फोनमधून जाणारी माहिती तारीख-वेळेसकट साठते, आणि ती कुणाकडे साठली हे आपल्याला कळतही नाही.

खिशात नुसता पडलेला फोनही आपण कुठल्या टॉवरच्या हद्दीत आहोत हे नेटवर्कला अधूनमधून कळवत असतो. त्याशिवाय आपल्याला आलेला कॉल पोहोचणार कसा? फोन केला, मेसेज आला की त्या टॉवरची नोंद होते. अशाच नोंदींवर 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातल्या एका छोट्या देशातले 15 लाख मोबाइलधारक आणि 15 महिन्यांच्या नोंदी. नावं, नंबर काढून टाकलेले. तरीही एखादा माणूस कुठल्या तासाला कुठल्या टॉवरजवळ होता अशा फक्त चार नोंदी हाती असल्या, तर 95 टक्के माणसं त्या 15 लाखांतून वेगळी काढता येत होती.

चारच कशा पुरतात? आपल्या गावातच बघा. रविवारी सकाळी महाद्वार रोडवर हजारो माणसं असतात. त्यातली दुपारी शिरोलीच्या एमआयडीसीत किती असतील? थोडी. त्यातली संध्याकाळी रंकाळ्यावर आलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यातून रात्री कळंब्यात झोपायला गेलेला एकच. प्रत्येक नोंद म्हणजे एक चाळण. एकेकटी बघितली तर चारही ठिकाणं अगदी साधी आहेत, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. मित्राच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. तो एकेक गोष्ट सुटी धरून विचार करतो, यंत्र मात्र त्या एकत्र ओवतं.

जुन्या विज्ञानकथांना ही पाळत दिसली होती का? बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांची '1984' ही कादंबरी 1949 साली आली. तिच्यात सत्ताधारी पक्षाच्या सभासदांच्या घरांत भिंतीवर बघणारा आणि ऐकणारा पडदा आहे. आत्ता या क्षणी आपल्यावर कुणी नजर ठेवून आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून माणूस सदासर्वदा नजरेखाली असल्यासारखा वागतो. नायक विन्स्टनला पडद्याच्या नजरेआड एक कोपरा सापडतो आणि तिथे बसून तो डायरी लिहू लागतो. मला या कादंबरीत सगळ्यात जास्त तो कोपराच आठवतो. पण ऑर्वेलच्या पडद्यामागे माणसं बसलेली होती, आणि माणसं थकतात. आज नोंदी चाळणारा प्रोग्राम झोपत नाही.

मला त्याहून जवळची वाटते ती ई. एम. फॉर्स्टर यांची 1909 सालची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा. त्यात माणसं जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोल्यांत एकेकटी राहतात. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की गाणं. एकमेकांना भेटायचं ते हातातल्या तबकडीवर. मुलगा आईला म्हणतो, मला यंत्रातून नको, समोर येऊन भेट. आईला ते विचित्र वाटतं. इथे कुणी कुणावर जबरदस्तीने यंत्र लादल्याचं दिसत नाही. सोयीसाठी लोकांनी एकेक गोष्ट त्याच्या स्वाधीन केली, आणि शेवटी वर जमिनीवर जायलाही त्याचीच परवानगी लागू लागली.

हेच फॉर्स्टर पुढे 1921 साली देवासचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. तुकोजीरावांचं लग्न राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब यांच्याशी झालेलं. त्यांचे चिरंजीव 1947 साली शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. ती कथा आपल्या गावापासून वाटते तितकी लांबची नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कायद्याचं बोलायचं तर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 साली डिजिटल माहितीसाठी कायदाही झाला. पण आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा सरकारने त्याच कायद्यात ठेवली आहे, आणि ती मला खटकते.

गणिताने काढलेली वाट मात्र फार सुंदर आहे. समजा 200 पैलवानांना विचारायचंय, "बंदी असलेलं इंजेक्शन कधी घेतलंस का?" खरं कोण सांगेल? मग प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर, काटा पडला तर डोळे मिटून "हो". समजा 120 जण "हो" म्हणाले. त्यातले साधारण 100 "हो" काट्याचे. उरलेले 20 हे छापा पडलेल्या 100 जणांतले, म्हणजे इंजेक्शन घेणारे सुमारे 20 टक्के. तालमीचं चित्र कळलं, पण कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही, कारण कुणीही म्हणेल, "माझा काटा पडला होता." स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 साली या युक्तीचं मूळ रूप मांडलं. 2006 साली सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा सरमिसळीने एका माणसाची माहिती किती झाकली जाते हे नेमकं मोजण्याची रीत दिली. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेचे आकडे जाहीर करताना ती वापरली गेली.

हे सगळं मी कट्ट्यावर मित्राला सांगितलं. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "पण नाणं उडवणार कोण? कंपनी का मी?"

नेमका प्रश्न होता. खरी माहिती आधी कंपनीकडे गेली आणि नाणं तिथे उडालं, तर सगळी भिस्त तिच्या शब्दावर. ते आपल्या फोनच्या आतच, माहिती बाहेर पडण्याआधी उडवता येतं, तसे प्रोग्राम आहेतही. पण ते खरंच तसं करतात का, हे त्यांचा कोड बाहेरच्या जाणकारांना उघडून बघता आला तरच कळतं. "मग उघडायला लावा की," तो म्हणाला, आणि दुसरा पेला मागवला.