रुमालाची वाटी का होते?

पंचवटीत मामीच्या घरी माठावर क्रोशाचा गोल रुमाल असतो, मधे सपाट आणि कडेला झालर. चुलत बहिणीच्या बाळंतविड्यात आपल्या हातचं काहीतरी असावं, या हौसेने मी गेल्या थंडीत मामीपुढे सुई घेऊन बसलो. सरावाला आधी रुमाल. सातव्या फेरीला त्याचे काठ वर उचलले गेले आणि दहाव्या फेरीला त्याची सरळ वाटी झाली. मामीने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "अरे, वाढवायला विसरतोयस तू. दर फेरीला सहा टाके वाढव." सहाच का, असं विचारलं तर म्हणाली, "आईने सांगितलं म्हणून."

मामीच्या आईचे ते सहा टाके शाळेतल्या 'पाय'मधून आलेले आहेत. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या 6.28 पट त्याचा परीघ वाढतो. क्रोशातला 'मुका खांब' नावाचा बुटका टाका जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच रुंद. एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परिघाला साधारण सव्वासहा टाके जास्त लागतात. टाका उंचीपेक्षा किंचित रुंद भरतो, शिवाय लोकर थोडंफार सांभाळून घेते, त्यामुळे सहावर भागतं. 'साधा खांब' हा दुसरा टाका उंचीला साधारण दुप्पट, म्हणून तिथे दर फेरीला बारा. यातली गंमत अशी, की फेरी तिसरी असो वा पन्नासावी, वाढ तेवढीच. माझा यावर विश्वास बसत नव्हता. मोठ्या वर्तुळाला जास्त वाढ लागणार, असं मन सांगत राहतं. मन चुकतं.

वाढ सहापेक्षा कमी पडली, की कापडाला त्याच्या त्रिज्येला शोभेल एवढा परीघ मिळत नाही. मग ते वर उचलून घेतं. मोदक करताना आपण हेच मुद्दाम करतो: सपाट पारीच्या कडेला कळ्या पाडल्या, की कडेचा परीघ आखडतो आणि पारीचा द्रोण होतो. गॉस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये दाखवलं, की एखादा पृष्ठभाग किती वक्र आहे हे त्याच्याबाहेर न जाता, त्याच्यावरचीच अंतरं मोजून कळतं. म्हणजे रुमालावर चालणारी मुंगीसुद्धा त्रिज्या आणि परीघ मोजून 'ही वाटी आहे' असं सांगू शकेल. मामी टाके मोजते तेव्हा ती या मुंगीचंच काम करत असते.

टोपडं हा या हिशेबाचा सगळ्यात उपयोगी भाग. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर. त्याला 3.14 ने भागलं की 11 येतात. म्हणून 11 सेंटीमीटर रुंदीची सपाट चकती होईपर्यंत सहा-सहा वाढवायचे आणि मग वाढवणं बंद. पुढच्या फेऱ्या आपोआप खाली वळतात. प्रत्यक्षात चकती थोडी लहानच ठेवतात, कारण विणलेलं ताणतं.

आता झालर. मामी झालरीला 'दर पाच टाक्यांना एक' वाढवते. ऐकायला हे सहा-सहा वाढवण्याइतकंच साधं वाटतं, पण फरक सरळव्याज आणि चक्रवाढव्याजाचा आहे. सपाट रुमालात विसाव्या फेरीला 120 टाके असतात. तेच 20 टाक्यांपासून सुरू करून दर फेरीला पाचास एक वाढवत गेलं, तर वीस फेऱ्यांनंतर साडेसातशेच्या वर टाके होतात. एवढा परीघ सपाट जागेत मावणार कुठे? तो वरखाली वळत, चुण्या घालत स्वतःला जागा करून घेतो. या हिशेबात निम्म्याहून जास्त लोकर शेवटच्या चार फेऱ्यांतच संपते. मला हे उशिरा कळलं. रविवार कारंज्याकडून आणलेली गुंडी शेवटच्या फेरीत संपली, दुसरी आणली तर तिचा लॉट वेगळा निघाला. झालरीची अर्धी कड किंचित फिकट आहे, लांबून दिसत नाही असं मामी म्हणते.

अशा झालरीसारख्या पृष्ठभागाला गणितात अतिपरवलयी प्रतल म्हणतात. त्यावर एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला कधीच न छेदणाऱ्या कितीतरी रेषा काढता येतात. शाळेत आपण एकच असते असं शिकतो. रशियातल्या लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि हंगेरीतल्या बोल्याईने 1832 मध्ये ही भूमिती मांडली. पण ती हातात धरून दाखवायची कशी? कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुने करत, ते फाटत. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना टाइमिना यांनी हा नमुना क्रोशाने विणला. घडी घातली की रेषा, आणि त्या रेषा भेटत नाहीत हे बोटाने तपासता येतं. प्रवाळ किंवा दसऱ्याच्या बाजारातला कोंबड्याच्या तुऱ्याचा फुलोरा पाहा: कड मधल्या भागापेक्षा भराभर वाढली, की हाच आकार येतो.

टोपडं का ताणतं, हा मात्र वेगळा प्रश्न. मराठीत येवल्याची पैठणीही विणतात आणि स्वेटरही, पण दोन्हींची रचना अगदी निराळी. पैठणीत उभे-आडवे धागे जवळजवळ सरळ असतात. धाग्याच्या दिशेने ओढलं तर ओढ थेट रेशमावर येते, म्हणून ती ताणत नाही. स्वेटरमध्ये एकच धागा वळणं घेत फासातून फास काढत जातो. ओढल्यावर धागा फारसा लांबत नाही, वळणं उघडतात. सोडलं की वाकलेला धागा मूळ वळणावर येऊ पाहतो, आणि तेवढ्यात धाग्यांचं एकमेकांवरचं घर्षण आडवं येतं. म्हणून जुन्या स्वेटरचे कोपरे फुगलेलेच राहतात. एका बाजूने सगळे सुलट टाके दिसतील असं विणलं तर कापड कडेने गुंडाळतं, कारण सगळे फास एकाच अंगाला वाकलेले असतात. सुलट-उलट आलटून पालटून घेतले की दोन्ही अंगांची ओढ फिटते.

सुयांवरचं विणकाम यंत्राला लवकर जमलं. विल्यम ली या इंग्रजाने 1589 मध्येच मोजे विणायचं यंत्र केलं. शरणपूर रस्त्यावरच्या तिबेटी बाजारात टांगलेले स्वेटरही बहुतेक यंत्रावरचेच. क्रोशाचं तसं नाही. तिथे एका वेळी एकच फास उघडा असतो, आणि पुढची सुई मागे विणलेल्या कापडात हवी तिथे खुपसायची असते. ती जागा बोटं शोधतात. म्हणून बाजारात मिळणारा खरा क्रोशाचा रुमाल कुणाच्या तरी हातचाच असतो, आणि त्याची किंमत ऐकून घासाघीस करणाऱ्यांचा मला हल्ली राग येतो.

माझी वाटी शेवटी उसवली. क्रोशाची साखळी म्हणजे सुरगाठींची रांग. तिच्यात खरी गाठ एकही नसते, त्यामुळे टोक मोकळं करून ओढलं की सगळं सरसर धाग्यावर येतं. दोन संध्याकाळचं काम दोन मिनिटांत गेलं. पण उसवलेला धागा वळ्यावळ्यांचा राहतो, विणताना पडलेली वळणं तो लगेच विसरत नाही. मामीने त्याची खुर्चीच्या पाठीवर लडी केली आणि चहाच्या पातेल्याच्या वाफेवर हलक्या हाताने फिरवली. ओलाव्याने आणि उष्णतेने लोकरीच्या तंतूतले कच्चे बंध सुटतात आणि सुकताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. बाहेर निफाडकडची थंडी उतरत होती. लडी सकाळपर्यंत सरळ झाली, आणि मी नव्याने सहा टाके घातले.