बॉल होन मारला की बोअर सरळ होतो?

‘बोअर ओव्हल झालाय? बॉल होन मार, सरळ होईल.’ गॅरेजमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. (बोअर म्हणजे इंजिनच्या सिलिंडरचं आतलं गोल भोक; बॉल होन म्हणजे ते आतून घासायचं हत्यार.)

होन हातात घेऊन बघा. मध्ये पिळलेल्या तारांचा दांडा, त्यातून निघालेल्या नायलॉनच्या काड्या, प्रत्येकीच्या टोकाला खरखरीत गोळा. काड्या वाकतात, त्यामुळे बोअरचा आहे तोच आकार धरून गोळे फिरतात. ओव्हल असेल तर ओव्हलच राहणार. ओव्हलपणा घालवायचा तर रिबोअर, म्हणजे भोक मशीनवर पुन्हा गोल कापणं, आणि त्याआधी डायल बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायच्या साधनाने) माप.

मग हा कशासाठी? चकाकलेल्या भिंतीवर पुन्हा क्रॉसहॅच पाडायला. साधारण ४५ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या त्या बारीक रेघांत तेल टिकतं, नव्या पिस्टन रिंगा नीट बसतात. (आरशासारखा बोअर चांगला, हाही गैरसमजच.) हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये आडवी भोकं जिथे मिळतात, तिथली बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढायला तर हा फारच कामाचा.

तेल भरपूर, आणि होन फिरता ठेवूनच आत-बाहेर. नंतर गरम पाणी आणि साबण, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नुसतं पेट्रोल मारलंत तर कण रेघांतच बसतात आणि रिंगा खातात.