नागपूरकर भोसल्यांचा दरबार : मालिकेतल्या कटाची पार्श्वभूमी

भोसले दरबारावर मालिका काढायची म्हटली की पटकथा १८१६-१७ पाशीच येऊन थांबते. भाऊबंदकी त्याआधीही होतीच. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून भाऊ साबाजी मारले गेले. पण मालिकेला लागणारी सगळी पात्रं एकत्र भेटतात ती दुसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर, मार्च १८१६ मध्ये: गादीवर त्यांचे पंगू पुत्र परसोजी, कारभार हवा असलेले चुलतभाऊ आप्पासाहेब, त्यांच्या विरोधात रघूजींची राणी बाकाबाई आणि सीताबर्डीच्या टेकडीलगत इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी.

इंग्रजांचा पाठिंबा मिळावा म्हणून आप्पासाहेबांनी २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह केला, वर्षाला साडेसात लाखांच्या बोजासह. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी वाड्यात मृतावस्थेत सापडले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) होते.

पटकथा घसरते ती इथेच. खून आप्पासाहेबांनीच करवला, हे पडद्यावर निर्विवाद सत्य म्हणून येतं. प्रत्यक्षात त्या वेळी इंग्रजांनी आप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता दिली. २४ नोव्हेंबरला त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारली, २६-२७ ला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, आणि खुनाचा आरोप पुढे रेटला गेला तो १८१८ मध्ये, त्यांना कैद करताना. आरोप करणारा आणि गादी काढून घेणारा एकच होता. खून झालाच नसेल असं यातून ठरत नाही. पण हा क्रम उलटा दाखवला, तर पदच्युती हा न्याय वाटू लागतो. तो न्याय नव्हता.

नेपथ्यातही असाच घोळ होतो. राजस्थानी झरोके आणि संगमरवर इथे चालत नाहीत. नागपूरच्या महाल या भागातला मूळ राजवाडा काळ्या बेसाल्टचा आणि कोरीव लाकूडकामाचा होता. १८६४ च्या आगीत तो जळाला, त्यामुळे सेट उभारायचा तर लाकडी खांबांचे, चौकांचे जुने वाडे पाहावे लागतात.

बाकाबाईंना खलनायिका करणं सोपं, कारण काळी मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळला जाणारा पुतळा, त्यांच्या फितुरीचीच, असं तिथे मानतात. मात्र ती मिरवणूक १८८० च्या दशकातली. सीताबर्डीवर मालिका संपली की १८५३-५४ राहून जातं: तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, दत्तक नाकारला गेला, राज्य खालसा झालं, जडजवाहीर लिलावात निघालं. दत्तकाचा हक्क मागत वाड्यातल्या राण्या तेव्हा इंग्रजांशी भांडत होत्या. त्यांत बाकाबाईही होत्या.