नाकाखालचं सगळं राखाडी

मामा सकाळी उठले, तोंड धुतलं आणि टॉवेलनं उजवा डोळा पुसता पुसता थबकले. डाव्या डोळ्याला आरशात कपाळ दिसत होतं, भुवया दिसत होत्या. नाकाखालचं सगळं राखाडी. दुखणं नाही, लाली नाही. रात्री झोपताना नजर चांगली होती. घरात ठरलं, मोतीबिंदू असणार, दिवाळी झाली की दाखवू. साखर पेठेतल्या त्या घरात असे नऊ दिवस गेले.

मोतीबिंदू महिनोन्महिने पिकत येतो. एका रात्रीत अर्धी नजर तो नेत नाही, हे तेव्हा आम्हा कुणालाच सुचलं नाही.

डॉक्टरांनी टॉर्च आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांवर धरला. उजव्यावर उजेड पडला की बाहुल्या बारीक व्हायच्या, डाव्यावर नेला की मोठ्या. डाव्या डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जात नव्हता. आत पाहिलं तर नसेचं तोंड सुजलेलं. आजाराचं नाव इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपॅथी, म्हणजे रक्त कमी पडल्यानं डोळ्याच्या नसेला झालेली इजा.

मामांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या, म्हणून मी त्यांना मागाच्याच भाषेत सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावरचे दहा-बारा लाख तंतू एका जागी गोळा होतात आणि जेमतेम दीड मिलिमीटरच्या वाटेनं मेंदूकडे निघतात. त्या वाटेत एक जाळी असते. उभे धागे फणीतून जातात तसे तंतू तिच्यातून जातात. काहींची ही वाट जन्मतःच अरुंद असते. एरवी काही बिघडत नाही. पण नसेच्या तोंडाला रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्यांत प्रवाह मंदावला, की तंतूंच्या आतली मालाची ने-आण अडते. माल तुंबतो, तंतू फुगतात. जागा तेवढीच, त्यामुळे फुगलेले तंतू शेजारच्या केशवाहिन्या दाबतात आणि उरलंसुरलं रक्तही तुटतं. सूज आणि उपासमार एकमेकींना वाढवत जातात.

पंजाबात जन्मलेले नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी या धमन्यांचा अभ्यास आयुष्यभर केला. १९७४ साली या आजाराची नीट मांडणी त्यांचीच. झोपेत रक्तदाब उतरतो, हा धागाही त्यांनी लावून धरला. पुष्कळांना नजर गेल्याचं सकाळीच कळतं, ते यामुळे असावं. मामांना मधुमेह, रक्तदाब दोन्ही, आणि गोळी रात्री झोपताना. गोळी मनानं बंद करू नका, तो धोका वेगळाच. पण रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना जरूर विचारा. झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर तेही सांगा.

गेलेली नजर हमखास परत आणणारं औषध अजून नाही. नसेभोवतीचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया करून पाहिली गेली; ती उपयोगाची नाही, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १९९५ साली दिसलं. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेविनाही दहांतल्या चौघांची नजर सहा महिन्यांत थोडीफार सुधारली होती. दुसऱ्या डोळ्याला हेच होण्याची शक्यता पाच वर्षांत साधारण १५ टक्के, म्हणून साखर आणि रक्तदाब सांभाळण्यावर माझा एवढा जोर.

मग धावपळ कशासाठी? याच आजाराचा एक भाऊ आहे, आपल्याकडे क्वचित दिसणारा, पण फार क्रूर. त्यात धमनीलाच दाह होतो. साठी-सत्तरीतल्या माणसाची कानशिलं ठणकतात, कंगवा फिरवताना टाळू हुळहुळते, कडक भाकरी चावता चावता जबडा भरून येतो, आणि मग नजर जाते. इथं त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करावं लागतं, नाहीतर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. दोन्हींतला फरक घरात बसून कळत नाही. त्यासाठी तपासणी आणि ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या चाचण्या लागतात. मामांच्या चाचण्या ठीक आल्या. ते नऊ दिवस आठवले की मला अजून धस्स होतं.

दोन महिन्यांत सूज ओसरली, नस फिकट पडली, खालची अर्धी नजर गेली ती गेलीच. जिना उतरताना मामा आता मान खाली घालून पायरी शोधतात. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख मोठ्यानं वाचतात, आणि मामी दोन्ही डोळ्यांची तारीख ऐकल्यावरच चहा ओतते.